रतनबाई त्या दिवशी कोणाशी बोलत होती?

सलाम, मंडळी! जवळजवळ बसा. त्या खांबाआड कोण लपलंय? पुढं या हो, कीर्तनकार चावत नाही! पेटी जरा हळू... हां. म्हणा माझ्याबरोबर — ‘दिलंस जे दान, कळू दे रे देवा...’ बास! एकदाच. आज गाण्यात मन नाही माझं.

एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माणूस प्रार्थनेला बसतो, आणि त्याच्या तोंडून त्याला स्वतःलाही न कळणारे शब्द यायला लागतात — अन्य भाषा! हे पवित्र आत्म्याचं दान खरं, की खोटं? बोला! इकडचे म्हणतात खरं. तिकडचे म्हणतात खोटं. आणि मधले? मधले बघतायत, पास्टर कुठं मान हलवतात ते!

हसा, हसा. मी दोन्ही घरचं जेवलोय. पत्र्याच्या मंडपात जमणाऱ्या नव्या मंडळीत असा एक भाऊ पाहिलाय, जो दर शुक्रवारी तीच ती चार अक्षरं घोळवतो, आणि मध्येच एक डोळा किलकिला करून घड्याळ बघतो! आणि आपलं जुनं दगडी देऊळ, मिशनच्या वेळचं चर्च? तिथं आत्मा उतरायचा म्हटला तरी आधी कमिटीचा ठराव, मग अनुमोदन! तेव्हा कोणी कोणाला नावं ठेवू नयेत. प्रेषितांवर आत्मा उतरला, हे मी मानतो. पौलानं ज्यांना पत्रं लिहिली, त्या करिंथ शहरातल्या मंडळीत हे दान होतं, हेही मानतो. मग प्रश्न कशाला काढला? शांतवनसाठी काढला. ऐका.

नेवाशाकडं एक गाव. नाव सांगत नाही, तुमचे पाहुणे निघायचे तिथले! त्या गावात शांतवन उजागरे. वेल्डिंगचं दुकान. गावातली निम्मी फाटकं, खिडक्या त्याच्याच हातच्या. प्रार्थनेचा पत्र्याचा मंडप उभा राहिला, तेव्हा खांब आणि छपराच्या लोखंडी कैच्या सगळ्या यानंच जोडल्या. आणि मंडळी, हा माणूस ढोंगी नव्हता हां! एकदा उपासात बसलेला असताना त्याच्या तोंडून ते शब्द आले, आणि असा हलका झाला, असा रडला, की दारू सुटली त्याची. सुटली ती सुटलीच! आता तुम्ही म्हणाल खोटं. म्हणा. त्याच्या बायकोला विचारलं असतं, तर तिनं तुम्हाला दारातूनच परत पाठवलं असतं.

बायको — रतनबाई. साधी, हसरी, रक्तदाबाची गोळी घेणारी. तिला मात्र काही ते दान मिळेना. तिची प्रार्थना कशी? “प्रभू, शेळीला जुलाब लागलेत, बघ जरा तिच्याकडं. धाकटीची परीक्षा आहे, तुला सांगितलंय ना मागं, विसरू नको.” झालं! आमेन! सगळा मंडप गालात हसायचा. मला सांगा, देव हसला असेल का हो? मला वाटतं, उठून शेळीकडं गेला असेल!

पण शांतवनला लाज वाटायची. त्यातून मंडळीत वडील, म्हणजे कारभार बघणारे पंच, नेमायचे होते. शांतवनचं नाव पुढं आलं, आणि कोणीतरी हळूच सोडून दिलं — “माणूस चांगला आहे, पण घरातली बाई अजून कोरडीच की!” झालं! ते शब्द त्याच्या काळजात जाऊन बसले. रोज तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचा. “रतन, तोंड उघड. मन मोकळं सोड.” ती बिचारी तोंड उघडायची. काही यायचं नाही. मग म्हणायची, “अहो, मला मराठीच येतं. त्याला चालतंय की.”

आला उपासाचा शुक्रवार. मे महिना, पत्रे तापलेले. सकाळी रतनबाई उंबऱ्यात बसली. “अहो, आज राहू द्या ना. डोकं लई जड झालंय. ह्या उजव्या हाताला मुंग्या आल्यात.”

शांतवन काय म्हणाला? “आजच का गं? आशीर्वाद जवळ आला की सैतान असाच आडवा येतो.”

“गोळी तरी घेऊ का?”

“उपास आहे ना? एक दिवस विश्वास ठेवून बघ.”

मंडळी, पास्टरनं असं कधी सांगितलं नव्हतं. शास्त्रात तर शोधून सापडणार नाही. हे शांतवनचं स्वतःचं. तिनं गोळीचं पाकीट परत फळीवर ठेवलं, आणि डोक्यावर पदर घेऊन त्याच्यामागं निघाली. का निघाली? नवऱ्याला आनंद व्हावा म्हणून! बायाहो, तुम्ही माना खाली का घातल्या?

मंडपात टाळ्या चालल्या होत्या. ढोलकी तापली होती. रतनबाई बायकांत बसलेली. आणि एकाएकी — तिच्या तोंडून आवाज निघाला. शब्द म्हणावेत तर शब्द नव्हेत. जड, गुंतलेलं, ओळखू न येणारं काहीतरी. पुन्हा तेच. पुन्हा! जोरात!

“हालेलुया!” एक बाई ओरडली. “रतनबाईला मिळालं! मिळालं!”

मंडप उसळला हो! शांतवन बायकांच्या रांगेत धावत गेला, तिच्यापुढं गुडघ्यावर बसला, आणि लहान पोरासारखा रडला. इतक्या वर्षांची लाज धुऊन निघाली होती त्याची. तिनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं. घट्ट! डोळे त्याच्यावर लावलेले. बोलतेय, बोलतेय, थांबेना. तो म्हणतो, “बोल रतन, बोल! प्रभूशी बोल!”

वत्सलामावशी म्हणून एक म्हातारी शेजारीच बसलेली. ती म्हणाली, “अरं शांतवन, तिचं तोंड बघ की! वाकडं झालंय! लाळ गळतीय तिची!”

आणि शांतवननं काय उत्तर दिलं? “मावशी, या घडीला शंका आणू नका.”

हे त्याचे शब्द, मंडळी. दुसऱ्या कोणाचे असते तर त्याला आज कोणावर तरी रागावता आलं असतं.

गाणी चालली. तिच्या कपाळाला प्रार्थनेचं तेल लावलं. पास्टरनं हात वर करून आभार मानले. तिची मान शांतवनच्या खांद्यावर पडली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आत्म्यानं विसावा दिला. आवराआवर झाली, लोक उठले, आणि शांतवन तिला उठवायला गेला, तर उजवं अंग फरशीला चिकटल्यासारखं. मग धावाधाव! मग जीप! मग तालुक्याचा दवाखाना!

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “बोलणं कधी बिघडलं?”

शांतवन तिच्याच पदरानं तिची लाळ पुसायला लागला.

“अहो, मेंदूत रक्त अडकलंय. कधीपासून असं बोलतायत या? लगेच का नाही आणलं?”

काय सांगेल तो? आम्ही टाळ्या वाजवत होतो, म्हणून सांगेल?

रतनबाई जगली, पण वाचा परत आली नाही. खाटेवर पडून असायची. शांतवननं दुकान बंद ठेवलं; तिला भरवायचा, पुसायचा, कुशीवर वळवायचा. आणि गावाचं बघा हं! तिला बघायला येणारे म्हणायचे, “धन्य तुमची बाई! जाता जाता दान घेऊन गेली.” अरे, ती समोर पडलीय! ऐकतेय! शांतवन तिच्या तोंडाजवळ कान न्यायचा आणि विचारायचा, “रतन, त्या दिवशी काय सांगत होतीस गं?” ती बघायची. डोळ्यांतून पाणी यायचं. तेवढंच. ते पाणी कशाचं होतं, तेही त्याला कळायचं नाही.

नाताळच्या आधी गेली ती.

मातीच्या वेळी सगळे जमले. पास्टर चांगल्या मनाचा माणूस, त्याला खरंच दुःख झालं होतं. कबरीपाशी उभा राहून म्हणाला, “आपली बहीण त्या शुक्रवारी देवाशी त्याच्या भाषेत बोलली. भाऊ शांतवन, तू साक्ष दे.”

शांतवन पुढं झाला. हातात मातीचं ढेकूळ होतं.

“ती देवाशी बोलत नव्हती,” तो म्हणाला. “माझ्याशी बोलत होती. माझं मनगट धरलं होतं तिनं. देवाला काय, समद्या भाषा येतात. मला तिची एक यायची. सकाळी ती तिच्याच भाषेत म्हणाली, डोकं जड झालंय. मला अर्थ सांगायला कोणी लागत होतं का? मी ऐकलं नाही. मी तिला मारली.”

“नाही रे बाबा,” वत्सलामावशी पुढं झाली.

“मारली,” तो म्हणाला, आणि माती टाकली.

त्यानंतर शांतवन मंडपात गेला नाही. देवळातही नाही. मी त्याच्या दुकानावर गेलो होतो. म्हटलं, शांतवन, प्रार्थना करू या. तो म्हणाला, “बुवा, तुम्ही करा. मी तोंड उघडलं, की मला तिचाच आवाज ऐकू येतो.” माझ्यापाशी वचनं भरपूर आहेत, एकही त्या माणसापुढं काढवेना. मग त्यानं काम हातात घेतलं आणि मी उठलो. तुम्हाला वाटत असेल, कीर्तनकार आता सांगेल की शेवटी त्याला शांती मिळाली. नाही मिळाली, मंडळी. मला खोटं बोलवत नाही.

मग अन्य भाषा खरी की खोटी? प्रेषितांवर आत्मा उतरला, त्या पेंटेकॉस्टच्या दिवशी काय झालं, आठवा. परदेशी माणसं जमली होती, आणि प्रत्येकाला आपापल्या भाषेत कळलं! बोलणाऱ्याचं तोंड उघडलं आणि ऐकणाऱ्याचा कान उघडला. पौलानंही करिंथकरांना बजावलं की अर्थ सांगणारा नसेल, तर सभेत गप्प राहावं. का? त्याला का दानाचा हेवा होता? तो स्वतः बोलायचा की! पण ज्या मंडळीला कळून घ्यायचंच नाही, तिथं स्वर्गातलं दान उतरलं काय आणि माणूस मरायला टेकला काय, दोन्हीला सारखाच हालेलुया! दान खरं असतं, मंडळी. आपण खोटे असतो.

आणि दगडी देवळातल्यांनो, तुम्ही कशाला खूश होताय? तुमच्याकडं कोण कोणाचं ऐकतं? तुमच्या घरात आज सकाळी कोणीतरी म्हणालं असेल, पाय दुखतोय, जीव घाबरतोय, झोप लागत नाही. स्वच्छ मराठीत म्हणालं असेल! तुम्ही काय म्हणालात? “कीर्तनाला उशीर होतोय, चल!”

शेवटचं पद आज होणार नाही. पेटी बंद करा. तुमच्या शेजारी जो बसलाय, त्याच्याकडं वळा, आणि विचारा — बरं आहे ना? पटकन ‘हो’ म्हणाला, तर पुन्हा विचारा. तो खरं बोलेपर्यंत थांबा.

घाई करू नका. मी उभा आहे.