हाडाच्या शिपायाले तलवार चालत नाई

करिष्मा : नका ना बाबा, पुन्हा तलवारच काऊन उचलली? दहा वार केले, अन् त्याचा जीव तीन आकड्यानं कमी झाला फक्त.

देवाजी : धार तं चांगली दिसून राह्यली तिची.

करिष्मा : धारेचा सवाल नाई. कॉम्प्युटरवरच्या या खेळात मार तीन तऱ्हेचा राह्यते. तलवार कापते, भाला भोसकते, गदा ठेचते. ज्याले जो मार लागते, तोच द्या लागते. हा तं नुसता हाडाचा सांगाडा आहे.

देवाजी : थांब, थांब. कापाले मास पाहिजे, ते याच्या अंगावर नाई. भाला फासळ्यायच्या मधातून सरळ निंगून जाईन. गदा दे.

करिष्मा : बराबर! कोनं सांगतलं तुमाले?

देवाजी : तीस वर्सं ऐरणीपाशी बसलो ना, बाई. कोनतं बटन?

करिष्मा : हे. डाव्या हातानं दाबा. प्लास्टरचा हात राहू द्या मांडीवर.

देवाजी : अरे! एका दणक्यात खाली!

करिष्मा : चाळीस आकडे! आता हा पाहा, लोखंडी चिलखतवाला. याच्याशी मी आठ दिवसांपासून हारून राह्यली.

देवाजी : याच्या काखेत फट आहे, दिसते? बनवनाऱ्यानं तिथी पत्रा मुडपलाच नाई. भाला घे, तिथी घाल.

करिष्मा : ...मेला! बाबा, मेला तो! सोमवारी प्लास्टर निंगालं का तुमी भट्टी पेटवा, मी क्लासातल्या पोरींले दाखवाले आनते. बाबा? बटन काऊन सोडलं?

देवाजी : डॉक्टर म्हणे, मनगटाचं हाड वाकडं जुडलं. घन उचलाचा नाई. कधीच नाई.

करिष्मा : कवा सांगतलं?

देवाजी : मागच्या आठोड्यात. म्हणून तं तुया या मशीनपाशी येऊन बसतो. तिकडं भट्टीपाशी बसवत नाई.

(गुणाबाई हात पुसत दारात येते.)

गुणाबाई : मले मालूम आहे. दवाखान्यातल्या बाईनं सांगतलं.

देवाजी : मंग बोलली काऊन नाई?

गुणाबाई : तुमी सांगान म्हणून वाट पाहून राह्यली होती.

देवाजी : काय सांगू? मिरग तोंडावर आला, पाच गावच्या नांगरायचे फाळ येऊन पडले. घन मारनारा कुठून आनू?

गुणाबाई : हे पोट्टी पोटात राह्याच्या आधी कोन मारत होतं?

करिष्मा : आई, तू?

देवाजी : तुयी आईच. मी हातोडीनं टिचकी मारून जागा दाखवो, अन् हे तिथीच घन पाडे. एक सुताचा फरक नाई. पन तवा हे बावीस वर्साची होती.

गुणाबाई : आता बेचाळीसची आहे. घन हलका घेईन, दोन घाव जास्तीचे मारीन. जागा मात्र तुमीच दाखवाची.

देवाजी : डाव्या हातानं मले नीट जमनार नाई, गुणा. चुकन.

गुणाबाई : चुकू द्या. मायाही घाव पयल्या दिवशी चुकनच.

देवाजी : लोक काय म्हणतीन?

गुणाबाई : फाळ चांगला झाला का नाई, ते पाहतीन.

(देवाजी मशीनपाशून उठतो.)

देवाजी : ऐरणीच्या समोर कोळशाचे पोते रचले आहेत मी. चाल, करिष्मा, हटवू लाग. तिले उभं राह्याले जागा पाहिजे.