सासूबाईंचा फोटो आन् माहा पदर

हसू नका बायांनो, पन लग्नाआधी मी बरे फोटो काढत होती. इतक्या वर्सांनी परवा बाबांनी देलेला डबा-कॅमेरा पेटीतून काढला आन् सासूबाईले अंगनात बसवलं. तो कॅमेरा पोटाशी धरून, वरून वाकून त्यात पाहा लागते. मी मोठ्या ऐटीत रोल संपवला. राजापेठेतल्या फोटोवाल्याकडून धुऊन आला, तं सगळ्या फोटोत माह्याच लुगड्याचा काठ! मी वाकली की डोक्यावरचा पदर भिंगासमोर लोंबे.

मी म्हनलं, "गेला माहा हात. ठेवते परत पेटीत."

आजवर माहा पदर कानामागं सरकू न देनाऱ्या सासूबाई म्हने, "काहून वं? उद्या पुन्हा काढ. पदर कमरेले खोच. मी कॅमेऱ्यात पाईन, तुह्या डोक्याकडं नाई."