मोगऱ्याची खोली

जर्मनीत, लुडविग्सहाफेनच्या गार्डन सेंटरमध्ये रांगेत माझ्यापुढे दोघी मराठीत बोलत होत्या. धाकटीच्या हातात थंडीत कुंडीला गुंडाळायचं कापड होतं.

“सुरेखाकाकू, गेल्या वर्षी मी मोगरा हीटरशेजारी ठेवला, तर सगळी पानं गळली.”

“गळणारच. अगं, ऊब नको त्याला. उजेड हवा आणि हीटिंग बंद असलेली खोली.”

“तुमच्याकडे आहे अशी खोली?”

“क्षितिजची आहे ना. तो हांबुर्गला गेल्यापासून तिथलं हीटिंग बंदच असतं.”

“आणि तो ख्रिसमसला आला की?”

“म्हणून तर दर ऑक्टोबरात फोन करून विचारायचे, येणार आहेस का. तो म्हणायचा, बघतो. मग मी कुंड्या बाहेरच ठेवून थांबायचे. गेल्या वर्षी थांबता थांबता जास्वंद बाल्कनीतच गारठून गेली.”

“अरेरे! मग क्षितिज आला?”

“नाही. त्याला काम होतं.”

“यंदा काय म्हणतोय?”

“यंदा विचारलंच नाही मी. रविवारी सगळ्या कुंड्या आत नेल्या.”

“सगळ्या मावल्या?”

“मावल्या की. त्याच्या पलंगावर फळी टाकली. ऊन तिथेच येतं.”