चौथ्या महिन्यातला चुडा

दिनांक २० ऑगस्ट २०२५, बुधवार. वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटे.

नाव बिलकीस हनीफ मणेर, वय ६३ वर्षे, धंदा बांगड्यांचे दुकान, शिक्षण दहावी, राहणार नसरापूर, ता. भोर, जि. पुणे.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, मी वरील ठिकाणी मुलगा इमरान, सून निलोफर व नातवंडांसह राहते. एसटी थांब्यासमोर आमचे दुकान आहे. पती हयात नाहीत. माझे शिक्षण पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये वसतिगृहात राहून झाले. तिथे मुलींना बांगड्या घालायला मनाई होती. लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी मला हात धरायला शिकवले. आधी हात आपल्या हातात घ्यायचा, बाईला दोन शब्द बोलू द्यायचे, हात सैल पडला की मग बांगडी चढवायची. चाळीस वर्षे मी तसेच करते. त्यामुळे या भागातल्या बाया माझ्याशी बोलतात.

आमच्या भागात गरोदर बाईला हिरवा चुडा सातव्या महिन्यात भरतात. त्याआधी ओटी भरलीच तर ती चोरओटी, घरातल्या घरात. चुडा भरला की बाईला दिवस गेल्याचे गावाला कळते. मग ती बाळंत होईपर्यंत येता-जाता प्रत्येक जण विचारतो. म्हणून घाईने कोणी भरत नाही.

१० जुलै रोजी मार्गासनीजवळच्या वाडीवरील रतनबाई दुकानात आल्या. त्या माझ्या जुन्या गिऱ्हाईक आहेत. थोरली सून सुलक्षणा हिच्यासाठी त्यांनी चुडा सांगितला. कितवा महिना, असे मी विचारले. चौथा, म्हणाल्या. एवढी घाई का, असे विचारता त्या हसून म्हणाल्या, "भाभी, आता खात्री हाय. वाट कशापायी बघायची?" खात्री कसली, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते. मी बांगड्या बांधून दिल्या.

आज सकाळी साडेनऊच्या सुमारास रतनबाईंची धाकटी सून सोनिया सोमनाथ, वय २४, ही चार वर्षांच्या मुलीला घेऊन दुकानात आली. मुलीला ताप आहे, डॉक्टरकडे नेते, असे घरी सांगून ती एसटीने आली होती. मुलीला ताप नव्हता.

मी तिचा हात हातात घेतला. ती म्हणाली, "चाची, मला बी चौथा हाय. माजा चुडा कुणी सांगितला न्हाई ना?" मी नाही म्हणाले. त्यावर तिने सांगितले ते असे. गेल्या गुरुवारी सासू व नवरा तिला पांढऱ्या गाडीतून महामार्गालगतच्या एका बंद गाळ्यात घेऊन गेले. गाडी चालवणाऱ्या माणसानेच बॅगेतून मशीन काढून तिच्या पोटावर फिरवले. त्याचे नाव तिला माहीत नाही. तो तिच्याशी काही बोलला नाही. सुलक्षणाला नेले होते तेव्हा परत येताना बनेश्वराच्या देवळाशी गाडी थांबवून सासूने नारळ फोडला होता. या वेळी गाडी थांबवली नाही. सोनिया म्हणाली, "मला तितंच कळलं." घरी आल्यावर सासू म्हणाली, पुढच्या गुरुवारी त्याच गाडीतून पुण्याला जायचे, दुपारपर्यंत मोकळी होशील.

तुझे काय म्हणणे आहे, असे मी विचारले. ती म्हणाली, "मला ठेवायची हाय. माज्या हातात चुडा भरा. आत्ता. समद्यांसमोर."

मी तिला बाहेर ओट्यावर बसवले. बांगड्या तिच्या मापाच्या, काचेच्या, हिरव्या. एसटीची वाट पाहणाऱ्या बाया जमल्या. कितवा, कुणाची सून, कुठल्या वाडीची, असे त्यांनी विचारले व सोनियाने प्रत्येकीला मोठ्याने उत्तर दिले. चुडा भरून झाल्यावर तिने रीतीप्रमाणे मला नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हे मी समजून-उमजून केले. गैरसमजातून काहीही घडलेले नाही.

अकराच्या सुमारास रतनबाई व सोनियाचा नवरा सोमनाथ मोटारसायकलवरून आले. कोणीतरी फोन केला असावा. रतनबाई मला म्हणाल्या, "आमच्या घरातला चुडा भरायला तुला कुणी सांगितलं गं?" मी म्हणाले, जिचा हात तिने सांगितले. त्या म्हणाल्या, "तुजी दोन्ही पोरंच हायती नव्हं? मग तुला बोलाया काय जातंय?" माझ्या इमरान व झुल्फिकार या दोन मुलांत सात वर्षांचे अंतर आहे. मधल्या वर्षांबद्दल आज मला विचारलेले नाही. विचारल्यास सांगेन.

सोमनाथने सोनियाचे मनगट धरून दुकानाच्या चौकटीवर आपटले. उजव्या हातातल्या सर्व बांगड्या फुटल्या. दोन ठिकाणी काच लागून रक्त आले. आम्ही धंद्यात बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. या वाढवलेल्या नाहीत, फोडलेल्या आहेत. तसेच लिहावे.

तिथे हजर असलेल्या ठकुबाई, वय अंदाजे सत्तर, सोमनाथला म्हणाल्या, "लई मर्द व्हय रं? भाभी, ह्येला बी भरा दोन बांगड्या." मी म्हणाले, ठकुबाई, बांगडी ही काही शिक्षा नव्हे, आणि याच्या मापाची मी ठेवत नाही. बाया हसल्या. सोमनाथ म्हणाला, "उद्या साडेआठला गाडी येनार हाय. तू कशी येत न्हाईस त्येच बघतो." रतनबाईंनी त्याचा हात दाबला, पण तोवर सर्वांनी ऐकले होते. मग ते दोघे मला म्हणाले, घरातली गोष्ट आहे, आपसात मिटवू, पोलिसांत कशाला. ते निघून गेले.

मी सोनियाची जखम धुऊन पट्टी बांधली. ती म्हणाली, "ह्या हातात परत भरा." पट्टीच्या वर मी पुन्हा भरल्या. नंतर आम्ही दोघी येथे पोलीस ठाण्यात आलो. तिची मुलगी माझ्या सुनेजवळ आहे.

सुलक्षणाविरुद्ध माझी तक्रार नाही. तिला कोणी काही विचारलेले नसावे. तक्रार रतनबाई, सोमनाथ व तो गाडीवाला यांच्याविरुद्ध आहे व ती मी कोणाच्याही सांगण्यावरून मागे घेणार नाही.

ती गाडी मशीनसह पकडायची तर आत गिऱ्हाईक बाई बसलेली हवी, असे जबाब लिहून घेणाऱ्या अंमलदार बाईंशी बोलताना समजले. मी बसते, बुरख्यात वय दिसत नाही, असे मी सुचवले. बाई गरोदर असावी लागते, असे त्यांनी सांगितले व त्यांना हसू आले. मलाही आले.

तेवढ्यात बाहेर बाकावर बसलेली सोनिया दारात येऊन म्हणाली, "म्या बसते की. आज घरी जाऊन चुकलं म्हनते, पाया पडते. सकाळी गाडीत बसते. तुमी फकस्त मागनं या. लई लांब ऱ्हाऊ नका."

हे मी तिला शिकवलेले नाही. मी तिला जाऊ नको म्हणाले. तिने ऐकले नाही. तिचा जबाब वेगळा घ्यावा व उद्या कोण, किती वाजता, किती अंतरावरून मागे असेल, हे तिला आजच नावानिशी सांगावे. ते कळेपर्यंत मी येथून उठणार नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. नंतर मी चष्मा लावून स्वतःही वाचला. मी सांगितले तसाच लिहिला आहे, बरोबर आहे. सही करीत आहे.

बिलकीस हनीफ मणेर