खुर्च्यावाल्या म्हातारीचा कोड

माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, कर कार्यालयातली सगळी मंडळी आणि आज निवृत्त होणारे आपले खिडकीवरचे कारकून, सर्वांना खुर्च्या विणणाऱ्या म्हातारीचा नमस्कार. अध्यक्षसाहेब, आपण घरची खुर्ची माझ्याकडे टाकून दोन वर्षं झाली. ती केव्हाच विणून तयार आहे. आपण घरी कशावर बसता, देव जाणे.

मला अक्षर येत नाही आणि दोन जिने चढवत नाहीत. म्हणून मी सांगितलं ते नातीनं लिहिलं, आणि तीच वाचते आहे. मध्ये स्वतःचं काही घातलंस तर मला कळेल गं.

सत्कारमूर्तींना तुम्ही पाठीमागे कासव म्हणता. एकेका फॉर्मला अर्धा तास लावतात, खरंच आहे. पण हे कासव पूर्वी ससा होतं, हे इथं किती जणांना ठाऊक आहे?

कराच्या फॉर्मवर धंद्याचा कोड लागतो. ज्याचा जो धंदा, त्याचा ठरलेला आकडा. पहिल्यांदा यांच्या खिडकीशी गेले तेव्हा मी म्हटलं, खुर्च्यांचं काम. रांग मोठी होती. यांनी फर्निचरच्या कारखान्याचा आकडा टाकला, मी अंगठा दिला. पुढे दरवर्षी मागचा फॉर्म बघून तोच उतरत गेला. सहाव्या वर्षी तपासनीस दारात उभे. यंत्रं कुठं आहेत, म्हणाले. मी दहा बोटं दाखवली. ते हसले नाहीत. राहत्या घरात कारखाना चालत नाही, महिन्यात खोली बंद करा, अशी नोटीस देऊन गेले.

जन्मात मी एक खुर्ची बनवलेली नाही हो. लोकांच्या फाटक्या खुर्च्यांना वेताची बैठक घालते. नवरा गेल्यावर त्याच खोलीवर आमची चूल पेटत होती.

मी नोटीस घेऊन खिडकीशी गेले. ती वाचून यांचा चेहरा उतरला. तेव्हाचे साहेब हळूच म्हणाले, "बाईनंच तसं सांगितलं, असं लिहा. अंगठा तिचाच आहे."

अंगठा माझाच होता. माझं कोण ऐकणार होतं?

यांनी कागद ओढला, लिहिलं आणि मला ऐकू जाईल असं वाचलं, "काम दुरुस्तीचं आहे. कोड मी चुकीचा टाकला. बाईंना वाचून दाखवला नाही."

खोली वाचली. यांची बढती गेली, ती गेलीच. तेव्हापासून कोड लिहिला की अर्थ वाचून दाखवायचा, हेच करता ना म्हणून विचारायचं, मगच अंगठा. रांगेतले करवादतात. करवादू देत.

बोलू दिलंत, उपकार झाले. बोलण्यात कमीजास्त असेल ते माझं, वाचण्यात असेल ते नातीचं. दोन्ही पोटात घाला.

उद्यापासून यांना खिडकी नाही. वेत भिजवायला मला माणूस हवा आहे, हे त्यांना मी आज सांगणार आहे. म्हणून आजच्या जेवणातला माझा डबा त्यांच्याच हाती खोलीवर पाठवा. दोघांचा भरा. भात मऊ असू द्या, तळलेलं नको, मला दात नाहीत. गोड मात्र त्यांच्या वाटणीला जास्त घाला, माझ्याकडे त्यांची जुनी बाकी आहे.