बायकोचा नंबर शेवटचा

...अहो, माझ्याच नवऱ्याला भेटायला मी बाहेर बाकावर ताटकळायचं, आणि ती लोरेटा त्याच्या दंडाला धरून वॉर्डात येरझाऱ्या घालणार! नर्स आहे, कबूल. पण तुम्हीच सांगा, एवढं हसून बोलायची काही गरज?

आमच्या वेंडेलला बायपोलर. कधी महिनाभर पांघरुणातून तोंड बाहेर काढणार नाही, तर कधी झोपच विसरतो. या खेपेला रात्र रात्र जागून गराजमध्ये होड्या रंगवल्या, त्यातली एक शेजाऱ्याची... शेवटी डुलुथच्या इस्पितळात नेऊन भरती केला.

तिथं ही लोरेटा, अगदी मधाळ आवाजात, "हे बघा आयडा, आधी त्याला कुठं इजा होऊ नये, मग पाणी, खाणं, झोप. भेटीगाठी त्यानंतर. माणसं दिसली की तो आणखी चेकाळतो." म्हणजे बघा, पाण्याचा नंबर वर, आणि बायकोचा नंबर शेवटचा.

मी गप्प बसते होय? मांस-बटाटे घालून भाजलेलं त्याचं आवडतं हॉटडिश घेऊन गेले. तर म्हणे, "ताट घेऊन तो बसणारच नाही हो. चालता चालता हातात धरून खाईल असं काहीतरी आणा." आणि दाराच्या काचेतून बघते तर काय, ही त्याच्या हातावर सँडविचचे तुकडे ठेवतेय आणि हा मुकाट खातोय. मुकाट कसला, गप्पा मारत! माझ्यासमोर उभ्या जन्मात ताटातून मान वर न काढणारा माणूस... जळले हो मी, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी मीच सँडविचं करून नेली, तर तीही तिच्याच हातून खाल्ली. एकदा कधी नव्हे ते आत सोडलं, तर हा गाढ झोपेत. "उठवू नका हं, फार दिवसांनी डोळा लागलाय," ही कुजबुजली. बसले उशाशी, आले परत. झोपेच्याही मागे, बायकोचा नंबर शेवटचा.

शेवटी निवळला. घरी आला, टेबलाशी बसला, पुढ्यात हॉटडिश. मी आपलं सहज विचारल्यासारखं केलं, "लोरेटाची आठवण येते का रे?"

"कोण लोरेटा?"

त्याला तिथलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, न मागता आणखी मोठा डाव वाढला.

तर हा ताटात बघूनच म्हणतो, "आयडा, इतके दिवस मी तिथं होतो... तू एकदाही भेटायला आली नाहीस गं?"

खरं सांगायचं तर पुन्हा लोरेटाचं नाव काढावं लागणार. म्हटलं, "रस्त्यावर बर्फ फार होता रे."