नवमोडीच्या घाटातलं ओझं

ऐका. पण आधी तुमचे ते डोक्यावरचे दिवे बंद करा, माझ्या डोळ्यांवर येतात. हं. आता शेकोटीचा उजेड पुरे.

तुम्ही पुण्याहून सायकली हाणत आमच्या वाघसूळपर्यंत आलात, वीरगळ पाहिले, देवळाचे खांब मोजले. बरं वाटलं. गाड्या नसलेल्या, माणसं विसरलेल्या अशा डोंगरातल्या वाटा तुम्हाला लागतात, तेही समजलं. पण मघाशी जेवताना ही मुग्धा मला नकाशा दाखवून म्हणाली, तात्या, उद्या पहाटे आम्ही जुन्या घाटानं कुंभेरीला उतरणार.  म्हणून हे सांगतो. हसायचं असेल तर शेवटी हसा.

सहासष्ट साल. मार्गशीर्ष. लोक ही गोष्ट सांगताना हटकून अमावस्या घालतात. अमावस्या नव्हती. वद्य नवमी होती, बुधवार, आमच्या बाजाराचा दिवस. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवायचा होता. हे मी तेव्हाच लिहून ठेवलंय.

खाली कुंभेरीत सुदाम कोंढाळकर राहायचा. माझ्याच वयाचा, विशीतला. त्याची बायको येसू त्या दुपारी बाळंत झाली. मुलगी झाली, मुलगी ठणठणीत. पण येसूचं रक्त थांबेना. गावात नर्सबाई होत्या, त्यांच्याकडचं इंजेक्शन संपलेलं. त्यांनी चिठ्ठी लिहून सुदामच्या हातात दिली आणि सांगितलं, "वाघसूळच्या दवाखान्यातून घेऊन ये. चंद्र उगवायच्या आत ये. त्यानंतर आलास तर माझ्या हातात काही नाही."

सुदाम सायकल ढकलत घाट चढला. सात मैल. दवाखान्यातून काचेच्या दोन कुप्या मिळाल्या. त्यानं त्या रुमालात गुंडाळल्या, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवल्या आणि अंधार पडल्यावर निघाला.

आता एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. तुमच्या सायकलींना तबकड्यांचे ब्रेक आहेत. तेव्हाच्या सायकलींचे रबर दुसऱ्या मोडीवर, म्हणजे वळणावर, जळून वास मारायचे. म्हणून घाट उतरणारा प्रत्येक जण मागच्या कॅरियरला एक मोठी फांदी बांधायचा. फांदी जमिनीवर खरखरत यायची, सायकल आवरलेली राहायची. खाली पोचलं की फांदी सोडून द्यायची. घाटमाथ्यावर फांद्यांचा ढीगच असायचा. ज्याला सवड असेल तो तोडून टाकायचा, ज्याला गरज असेल तो उचलायचा.

पण बाजारचा दिवस. ढीग संपलेला. एक काटकी नाही. सुदामजवळ कोयता नाही. आणि तिकडे येसू.

तो अंधारात चाचपडत ओढ्याच्या अंगाला गेला. हाताला बांबू लागले. दोन लांब बांबू, सुंभानं आवळून बांधलेले. सुदाम मनात म्हणाला, देवानंच ठेवलेत. कॅरियरला बांधले आणि सुटला.

ओढ्याच्या अंगाला आमचं काय आहे, हे कुंभेरीच्या माणसाला कसं ठाऊक असणार?

पहिली मोड गेली. दुसरी गेली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की खरखर ऐकू येत नाही.

समजा, तुम्ही घाट उतरताय. पाठीमागून फांदी खरखरतेय तोवर जीव निवांत असतो. आणि इथं आवाजच नाही. फक्त डायनामोची गुणगुण. त्याला वाटलं, बांबू सुटून पडले. मान वळवून पाहिलं. बांबू होते. पण त्यांची मागची टोकं जमिनीवर नव्हती. वर होती. खांद्याच्या उंचीला. कुणीतरी मागनं धरून चालावं तशी.

सुदाम पुढे बघायला लागला. स्वतःला म्हणाला, दगडाला लागून उडाले असतील. पायडल मारू लागला. आणि मग समजलं, की उतारावर आपण पायडल मारतोय. इतकं जड झालं होतं. चढावर मारावं तसं उभं राहून मारावं लागत होतं, तरी चाक सरकेना. चाक सरकत नाही म्हणजे डायनामो फिरत नाही. दिवा लाल होत होत काजव्याएवढा राहिला.

आणि मागून कुणीतरी म्हणालं, "दादा, हळू. हादरे बसतात."

साधा आवाज. थकलेल्या माणसाचा. सुदाम काही भित्रा नव्हता. त्याला वाटलं, बाजारातून परतणारा कुणी पिऊन बांबूला लोंबकळलाय.

"कोण रे तू? उतर खाली. माझी बायको तिकडं मरतेय."

"उतरू कसा? तूच बांधलंय."

"कुठं जायचंय तुला?"

"तू नेशील तिकडं."

घाटात प्रत्येक मोडीवर चुना फासलेला दगड असायचा, त्यावर काळ्या रंगात आकडा. नऊ मोडी, नऊ दगड. सुदामनं चार पाहिला. मग पाच पाहिला. मग वळण घेतलं आणि दिव्याच्या त्या काजव्याएवढ्या उजेडात दगड आला. चार.

पुन्हा जोर लावला. पाच. वळण. चार.

पूर्वेच्या डोंगराची कड उजळायला लागली होती. सुदामला घाम फुटला, मार्गशीर्षाच्या थंडीत. तो सायकल उभी करून गाठ सोडायला गेला. गाठ त्यानं स्वतः मारलेली, साधी. आता तिथं दुसरीच गाठ होती, बोटं लागू देईना. नखं तुटली.

"राहू दे की," मागचा म्हणाला. "मुलगी झाली ना? मीपण बघतो. कुणाच्या घरात बसून लई दिवस झालं."

आता सांगा, काय करायचं? थांबलं तर येसू जाते. पोचलं तर हे ओझं बाळंतिणीच्या खोलीत जातं. बारा दिवस आपण तिच्या उंबऱ्याशी परकं माणूससुद्धा येऊ देत नाही, आणि हा तर...

सुदाम सायकलवर बसतो न बसतो, तोच ओझं उलटलं. इतका वेळ मागे ओढत होतं, ते आता ढकलायला लागलं. सायकल बाणासारखी सुटली. दिवा भक्क झाला. पाच, सहा, सात, दगड नुसते येऊन जायचे. ब्रेक आवळले, रबर जळालं, तारा चाकावर घासून ठिणग्या उडायला लागल्या. एका हातानं हँडल, दुसरा हात छातीवर, कुप्यांवर. आणि मागून तोच थकलेला आवाज, "असंच पळवलं मला. असंच."

सातव्या मोडीवर कठडा नाही. खाली दरी. सुदामनं सायकल डोंगराच्या बाजूला घातली आणि करवंदीच्या जाळीत पडला. खिशात काच वाजली.

तो पडल्या पडल्या हात मागे टाकतो, तर बोटांना गाठीत अडकलेली चिंधी लागली. कोरी, पांढरी. आणि बोटं गुलालानं भरली.

तेव्हा त्याला कळलं, आपण काय बांधून आणलंय. ओढ्याच्या अंगाला आमचं मसणवट. ती तिरडी होती.

निखिल, शेकोटीत लाकूड सार जरा.

तिरडी निघाली की अर्ध्या वाटेवर ती खाली टेकवतात, विसावा देतात, माहीत आहे ना तुम्हाला? पुढचे खांदेकरी मागे जातात, मागचे पुढे. मयताची दिशा फिरवतात. गेलेल्याला तेवढा वेळ द्यायचा असतो, घराकडे एकदा बघून घ्यायला. मग उचलायचं.

सुदाम त्या अंधारात म्हणाला, "बाबा, तुला टेकवलं नाही का कुणी?"

 मागचा म्हणाला, "नाही. त्यांना घाई होती."

सुदामनं सायकल आडवी घातली. बांबू जमिनीला टेकवले, हळू, आपल्या घरचं माणूस टेकवावं तसे. शिदोरीतला भाकरीचा तुकडा बाजूला ठेवला. म्हणाला, "टेक बाबा. इथं विसावा." आणि सायकलीसकट ते ओझं धरून पूर्ण फिरवलं. डोकं होतं तिकडे पाय, पाय होते तिकडे डोकं.

गाठ आपोआप सुटली.

डोक्यावरची मोळी उतरवल्यावर माणूस सोडतो तसा एक सुस्कारा त्यानं ऐकला. सुदामनं सायकल उचलली आणि मागे न बघता निघाला. दहा पावलं गेला असेल. मागून आवाज आला, "झालं माझं बघून. आता उचल की."

सुदाम पळत सुटला. सायकलवर टांग टाकली. ब्रेक नाही, फांदी नाही. उरलेल्या दोन मोडी त्यानं पाय रस्त्यावर घासत उतरल्या. वहाणेचा तळ गेला, मग टाचेची कातडी गेली. प्रत्येक वळणावर मागून, "उचल की रे." नवव्या दगडानंतर आवाज थांबला.

दोनातली एक कुपी फुटली होती. एक शाबूत होती. नर्सबाईंनी ती टोचली तेव्हा चंद्र डोंगरावर हातभर आला होता. उशीर झालाच होता. पण येसू जगली. बाई चिवट. दोन हजार चौदा सालापर्यंत होती.

पंधरा दिवसांनी सुदाम लंगडत इथं आला. याच पारावर बसून त्यानं सगळं सांगितलं आणि विचारलं, "ती तिरडी कुणाची होती?"

पारावर आम्ही बरेच जण होतो. एकेक जण उठून निघाला.

पाट्या-जात्यांना टाकी लावत गावोगाव फिरणारा एक म्हातारा होता. नाव कुणाला माहीत नव्हतं, टाकीवाला म्हणायचे. त्या बाजाराच्या आधी, जत्रेच्या दिवशी देवळाच्या ओवरीत त्यानं जीव सोडला. पाठीमागे रडणारं कुणी नाही. गावानं चार पोरं धाडली. तिकडे कुस्त्यांचा हलगी-ताशा सुरू झाला होता. पोरांनी तिरडी उचलली आणि धावत नेली. विसाव्याच्या दगडापाशी एक जण म्हणाला, "टेकवायची ना?" दुसरा म्हणाला, "कोण बघतंय? चल." मसणवटात देह उतरवला, सरणाला काडी लावली, बांबू फेकले ओढ्याकडे आणि कुस्त्यांना पोचले.

चल म्हणणारा मी.

सुदामला मी ते त्या दिवशी सांगितलं नाही. पुढे सांगितलं, फार वर्षांनी. तो म्हणाला, "तात्या, मी त्याला नुसतं टेकवलं. उचलणं तुमचं राहिलंय." आम्ही चौघं जायचं ठरवायचो. आज जाऊ, उद्या जाऊ. मग एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेल्या पावसाळ्यात गेला. आता एकट्यानं मी काय उचलणार?

तो अजून सातव्या मोडीवर आहे. गुराख्यांना ऐकू येतं. एकटा-दुकटा गेला तर तो गप्प बसतो, एकट्याचा त्याला उपयोग नाही. त्याला खांदे पुरे भरायला हवेत.

नवा रस्ता अकरा किलोमीटरनं जास्त लांब पडतो, ट्रक असतात, धूळ असते. असू दे. पहाटे मी स्वतः फाट्यापर्यंत येईन आणि तुम्हाला त्या रस्त्याला लावून मगच परतेन. जुन्या घाटाकडे चाक वळवायचं नाही. संध्याकाळी तुम्ही भिंतीला सायकली टेकवल्यात ना, तेव्हा मी मोजल्या.

चार आहेत.